गेमचे पैसे एकदा दिले, मग एक्सपान्शनचे परत कशाला?

देवगडच्या एका बागायतदार दादांनी विचारलंय. मुलगा अकरावीला, दहावीच्या मार्कांवर खूश होऊन त्याला पीएस फाइव्ह घेऊन दिला, मामाने मस्कतहून येताना एल्डन रिंग या गेमची डिस्क आणली, सगळं झकास. आता पोरगा म्हणतो त्याचं 'शॅडो ऑफ द अर्डट्री' नावाचं एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडायचा मोठा नवा भाग, पाहिजे, आणि त्याचे परत हजारांत पैसे. दादांचं म्हणणं, गेमचे पैसे एकदा दिले ना, मग तेव्हा काय अर्धाच गेम विकला होता काय, ही सरळ लूट आहे की यात काही तथ्य आहे, आणि द्यायचेच तर कधी द्यायचे.

दादा, मी रत्नागिरीत गेमिंग पार्लर चालवतो, सायबर कॅफेत तासावर काउंटर स्ट्राइक चालायचं तेव्हापासून याच धंद्यात आहे, जोडीला जुन्या डिस्क घेणं-विकणं आणि कन्सोल रिपेअरिंग (खाऱ्या हवेने पोर्ट गंजतात आपल्याकडे, तो विषय परत कधीतरी). मी गेम बनवणारा नाही, पण लोक काय घेतात आणि घेतल्यावर त्यातलं खरंच किती खेळतात हे काउंटरवरून दिसतं, आणि या दोन्हीत अंतर भरपूर आहे.

आधी सरळ उत्तर देतो. मोठं एक्सपान्शन, ज्याने मूळ गेम संपवलाय त्याने, संपवल्यावर घेतलं तर बहुतेक वेळा गेमिंगमधला सगळ्यात वसूल सौदा असतो. तेच एक्सपान्शन गेम संपायच्या आधी, महागड्या डिलक्स आवृत्तीत नाहीतर सीझन पासमध्ये (पुढे येणाऱ्या भागांचे पैसे आधीच भरायचे) बांधून घेतलं तर पैसे गेले असं समजायचं. म्हणजे वस्तू तीच, किंमतही तीच, पण घेणारा गेममध्ये कुठवर पोचलाय त्यावर ती महाग की स्वस्त हे ठरतं. यूट्यूबवर जे 'वर्थ इट की नॉट' चालतं त्यात हे कोणी बोलतच नाही कारण रिव्ह्यू करणाऱ्याने गेम संपवलेलाच असतो, त्याचं कामच ते.

आता तुम्हाला जो राग आलाय तो चुकीचा नाहीये, फक्त तो जरा योग्य ठिकाणी काढायला पाहिजे, म्हणून थोडं मागे जातो.

एक्सपान्शन ही भानगड नवीन नाही. इंटरनेट धड नव्हतं तेव्हाही होती, सीडीवर यायची. एज ऑफ एम्पायर्स टू १९९९ ला आला आणि २००० मध्ये त्याचं 'द कॉन्करर्स' आलं, त्यात पाच नवी साम्राज्यं होती, पण कॅफेतल्या पोरांना त्यातलं सगळ्यात काय आवडलं माहितीये, शेत संपलं की परत पेरायची ऑर्डर आधीच गिरणीत लावून ठेवता येते ते. त्याआधी दर वेळी गडी शेतात उभा राहायचा नुसता, लढाई सोडून त्याला परत कामाला लावा. चांगलं एक्सपान्शन नुसती भर घालत नाही, मूळ गेममध्ये खुपणारी गोष्टही काढतं. तेव्हा आमच्याकडे कोणी विचारलं नाही की हे आधीच का नाही दिलं, कारण मूळ गेम आम्ही पिळून पिळून खेळलो होतो. (तेव्हा सीड्या कुठल्या असायच्या हे विचारू नका.) आणि गंमत बघा, त्याच गेमच्या नव्या आवृत्तीला २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आलं, ज्यात आधी एकच 'इंडियन्स' होते त्यांचे हिंदुस्तानी, द्रविड, बंगाली, गुर्जर असे वेगवेगळे केले. वीस वर्षांहून जास्त जुन्या गेमला लोक अजून पैसे देतायत आणि कोणी कुरकुर करत नाही.

मग लूट हा शब्द आला कुठून, तर तो डीएलसीमुळे, म्हणजे छोटे छोटे तुकडे डाउनलोड करून विकायला लागले तेव्हापासून. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डाने ऑब्लिव्हियन या गेममध्ये घोड्याचं चिलखत विकायला काढलं, अडीच डॉलर, आणि ते नुसतं दिसायला, म्हणावा तसा उपयोग काही नाही. जगभर हसले लोक. पण हसता हसता घेतलंही, तिथेच सगळ्या धंद्याला कळलं की चालतंय हे. २०२५ मध्ये त्याच गेमची नवी आवृत्ती आली त्याच्या डिलक्समध्ये परत नवी घोड्याची चिलखतं दिलीत, म्हणजे यांनी आपल्यावर झालेली चेष्टासुद्धा विकायला ठेवली, मानलं पाहिजे.

पार्लरवाल्याच्या पोटावर आलेलं उदाहरण टेकन या मारामारीच्या गेमचं. टेकन थ्री ज्यांनी खेळलाय त्यांना आठवत असेल, गेम एकदा संपवला की एक नवीन माणूस उघडायचा, परत दुसरा घेऊन संपवला की आणखी एक, असं करत करत हेइहाची यायचा. एडी गॉर्डो तर काय, ज्याला काही येत नाही तो एडी घ्यायचा, पाय नुसते फिरवायचे आणि समोरच्याला रडवायचं. टेकन एट जानेवारी २०२४ ला आला, एडी नाही, हेइहाची नाही. एडी एप्रिलमध्ये आला, हेइहाची त्या वर्षाच्या शेवटाकडे, दोघेही पैसे देऊन. जे पूर्वी खेळून उघडायचं ते आता पाकीट काढून उघडायचं. इथे मी तुमच्या बाजूने आहे. फायटिंग गेमवाले म्हणतात सर्व्हर चालवायचेत, वर्षानुवर्षं बॅलन्सिंग (कोणी एक फार भारी होऊ नये हे बघणं) करायचंय, तो खर्च कुठून काढणार, ते काही अगदी खोटं नाही, पण पार्लरमध्ये मे महिन्यात मुंबईहून आलेली चाकरमान्यांची पोरं पहिल्यांदा 'एडी कुठाय' असंच विचारतात आणि मला घ्यावाच लागतो.

'तेव्हा अर्धा गेम विकला होता काय' याचं उत्तर कधी हो, कधी नाही असं आहे. २०१२ मध्ये कॅपकॉमच्या स्ट्रीट फायटर एक्स टेकनमध्ये लोकांना कळलं की जे कॅरेक्टर पुढे डीएलसी म्हणून विकणार होते ते डिस्कवर आधीच भरलेत, फक्त कुलूप आहे. म्हणजे माल तुमच्या घरात, चावी त्यांच्याकडे. त्याच वर्षी मास इफेक्ट थ्रीमध्ये जाविक नावाचा एक महत्त्वाचा साथीदार पहिल्याच दिवशी वेगळे पैसे घेऊन दिला. ह्याला अर्धा गेमच म्हणतात, दुसरं काय.

पण दुसरी बाजू अशी की गेम बनवताना सगळी माणसं एकाच दिवशी मोकळी होत नाहीत. चित्रं काढणारे, गोष्ट लिहिणारे यांचं काम आधी संपतं, मग प्रोग्रामर बग काढत बसतात, मग सोनी-मायक्रोसॉफ्टची तपासणी, त्यात महिने जातात, तेवढ्या काळात त्या आर्टिस्टना घरी बसवायचं की पुढचं काही करायला लावायचं. म्हणून पहिल्या दिवशीचं डीएलसी प्रत्येक वेळी कापून ठेवलेलंच असतं असं नाही. आणि एल्डन रिंगच्या बाबतीत तर हा आरोप लागूच होत नाही, मूळ गेम फेब्रुवारी २०२२ चा, एक्सपान्शन २१ जून २०२४ चं, मध्ये दोन वर्षांहून जास्त. मूळ गेम सुद्धा एवढा अवाढव्य की मामाने आणलेल्या डिस्कमध्ये काही कमी दिलं असं म्हणायला तोंड उघडणार नाही कोणाचं.

आता किंमत. शॅडो ऑफ द अर्डट्री अमेरिकेत चाळीस डॉलरला, मूळ गेम साठला. म्हणजे दोन तृतीयांश. इतर बघा, विचर थ्रीचं 'हार्ट्स ऑफ स्टोन' २०१५ मध्ये दहा डॉलर, 'ब्लड अँड वाइन' २०१६ मध्ये वीस डॉलर, आणि ते ब्लड अँड वाइन त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट रोल प्लेइंग गेमचं बक्षीस घेऊन गेलं, अख्ख्या अख्ख्या गेमना मागे टाकून, नुसतं एक्सपान्शन. सायबरपंकचं 'फँटम लिबर्टी' २०२३ मध्ये तीस डॉलर. कपहेडचं एक छोटंसं होतं २०२२ मध्ये, आठ डॉलर, हाताने काढलेली चित्रं, थोडकंच पण एक सेकंद वाया नाही. म्हणजे चाळीस हा वरच्या टोकाचा आकडा आहे, पण त्याने काही जगावेगळं केलं असंही नाही, मॉन्स्टर हंटरचं आइसबोर्न २०१९ लाच चाळीसला होतं.

एवढे का लागतात याचं एक कारण कोणी सांगत नाही. एक्सपान्शन कोण घेणार, तर ज्याच्याकडे गेम आहे तोच, त्यातही ज्याला तो आवडलाय तोच, त्यातही जो अजून खेळतोय तो. सायबरपंकच्या अडीच कोटी प्रती गेल्या होत्या तेव्हा फँटम लिबर्टीच्या वर्षअखेरीस साधारण पन्नास लाख गेल्या, आणि हे जबरदस्त यश मानलं जातं बरं का. म्हणजे पाचातला एक. बनवणाऱ्याला माहीतच असतं की चार जण परत येणार नाहीत, खर्च त्या एकाकडून काढायचाय. बरं फँटम लिबर्टीच्या वेळी त्यांनी मूळ गेमचा २.० अपडेट, ज्यात अर्धा गेम नव्याने बांधल्यासारखा होता, तो पीसी आणि नव्या कन्सोलवाल्या सगळ्यांना फुकट दिला, म्हणजे न घेणाऱ्या चौघांचाही फायदा झाला. (मूळ गेम कुठल्या अवस्थेत विकला होता ते आठवलं तर ते त्यांचं कर्तव्यच होतं म्हणा.)

आणि फुकट देणारेही आहेत, तेही सांगायला पाहिजे. हॉलो नाइटची चारही एक्सपान्शन फुकट होती आणि पाचवं बनवता बनवता एवढं वाढलं की त्याचा सिल्कसाँग हा वेगळा गेम झाला, सप्टेंबर २०२५ ला आला, वीस डॉलर. स्टारड्यू व्हॅली एका माणसाने बनवलेला, अपडेट वर अपडेट फुकट. नो मॅन्स स्काय २०१६ ला आला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, त्यानंतर आजतागायत भर घालतायत, एक पैसा मागितला नाही. पण हे पाहून बाकीच्यांना 'तुम्ही का नाही' विचारण्यात अर्थ नाही, चार माणसांच्या टीमचं गणित आणि शेकडो पगार देणाऱ्याचं गणित एक नसतं.

लोक वसुली मोजतात तासांवर. थिएटरचं तिकीट दोनशे, पिक्चर अडीच तास, गेम दोन हजार आणि चाळीस तास, मग तासाला पन्नास, झाला स्वस्त. हा हिशोब मला पटत नाही, कारण तास वाढवणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. नकाशावर दोनशे खुणा टाका, प्रत्येकीला अमुक गोळा करून आणा, झाले तीस तास. अशी एक्सपान्शन पार्लरमध्ये लावली की दुसऱ्या दिवशी पोरं म्हणतात 'काका, दुसरं काहीतरी लावा'. आणि कपहेडवाल्या आठ डॉलरच्या तुकड्यावर मात्र एकाच बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी, दोघं जण जेवायची वेळ टाळून बसतात.

आता मी जे सांगतो ते दुकानदाराचं गणित आहे आणि तुमच्या निर्णयासाठी ते सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क विकता येते, डीएलसी विकता येत नाही. समजा एखादी डिस्क ४,००० ला घेतली, खेळून झाली, माझ्यासारख्याकडे आणून २,२०० ला दिली, तर गेम पडला १,८०० ला. आता त्याच गेमचं एक्सपान्शन २,५०० चं घेतलं, तर ते २,५०० अकाउंटला चिकटले ते चिकटले, त्यातला रुपया परत येणार नाही. म्हणजे कव्हरवर बघितलं तर गेम महाग आणि एक्सपान्शन स्वस्त, आणि खिशातून खरं गेलेलं बघितलं तर उलटं. वर आणखी एक, डिस्कवाल्या गेमचं एक्सपान्शन चालायला ती डिस्क मशीनमध्ये लागते, म्हणजे एक्सपान्शन घेतलं की डिस्कही विकता येत नाही, ते २,२०० सुद्धा अडकले. पोरं माझ्याकडे येऊन डिस्क विकतात आणि महिन्याने विचारतात डीएलसी का चालत नाही. डिजिटल गेम घेणाऱ्याला हा प्रश्न नाही कारण त्याचं सगळंच अडकलेलं असतं पहिल्या दिवसापासून. त्यामुळे डिस्कवाल्याने एक्सपान्शन घेताना मनाशी ठरवायचं की हा गेम मी घरात ठेवणार आहे. तसा वाटत असेल तर घ्या, नाहीतर डिस्क विकून दुसरा गेम आणा, जास्त मजा येईल.

जुन्या डिस्कच्या बाजारात अजून एक खड्डा आहे. एल्डन रिंगची एक आवृत्ती मिळते जिच्या कव्हरवरच शॅडो ऑफ द अर्डट्री लिहिलंय, पण डिस्कवर मूळ गेमच असतो, एक्सपान्शन आतल्या कागदावरच्या कोडने उतरवायचं, आणि तो कोड एकदाच चालतो. सेकंडहँडमध्ये ती घेतली की कागद असतो, कोड मेलेला. विकणारा फसवतोच असं नाही, त्यालाही माहीत नसतं कधी कधी. विचर थ्रीची गेम ऑफ द इयर आवृत्ती मात्र अशी नाही, त्यात दोन्ही एक्सपान्शन आतच येतात, म्हणून ती जुनी मिळाली तर डोळे झाकून घ्यावी.

सीझन पास हा प्रकार तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. मोहोर बघून बाग खंडाने घेण्यासारखं आहे ते, फळ धरलेलं नाही, तुडतुडे येतील की अवकाळी येईल माहीत नाही, तरी पैसे आज. फरक एवढाच की बागेत व्यापारी भाव पाडून घेतो कारण धोका त्याचा, आणि इथे धोका पोराचा पण सूट नावापुरती. सिटीज स्कायलाइन्स टू या शहर वसवायच्या गेमची गोष्ट ऐका. मोठ्या आवृत्तीचे पैसे लोकांनी आगाऊ भरले, त्यात पुढचे पॅक मिळणार होते. मार्च २०२४ मध्ये पहिला आला, नाव 'बीच प्रॉपर्टीज', सुटा घेतला तर दहा डॉलर. आत काय, तर पाण्याकाठची थोडी घरं आणि माडासारखी काही झाडं. बीच नाही! आपल्या इथल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं की बीच म्हणजे आधी पुळण लागते. एवढी बोंब झाली की पुढच्याच महिन्यात कंपनीला माफी मागून पैसे परत करायला लागले आणि तो पॅक सगळ्यांना फुकट द्यायला लागला. पण असं दर वेळी होत नाही, बाकीचे गप गिळतात.

आणि घेतलेलं राहतं का, हाही प्रश्न आहे. डेस्टिनी टू हा कायम ऑनलाइन चालणारा गेम, त्याने नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या मोहिमा काढून टाकल्या, २०२२ मध्ये परत एका मोठ्या एक्सपान्शनची मोहीम काढून टाकली, कारण काय तर गेम फार जड झाला. घरात आणून ठेवलेली वस्तू दुकानदार येऊन घेऊन गेला आणि वर म्हणाला जागा कमी पडत होती. ऑनलाइन गेमच्या एक्सपान्शनला मी म्हणूनच दहा वेळा विचार करायला सांगतो. एल्डन रिंग एकट्याने ऑफलाइन चालतो, ती भीती नाही.

तिसरा एक प्रकार आहे, जिथे एकेक पॅक घेताना कळतच नाही. सिम्स फोर, २०१४ चा, २०२२ पासून मूळ गेम फुकट केलाय, आणि सगळे पॅक घ्यायला गेलात तर हजार डॉलरच्या वर जातं. पॅराडॉक्स कंपनीचा युरोपा युनिव्हर्सालिस फोर, त्यात भारतावरचं 'धर्मा' नावाचं एक्सपान्शनसुद्धा आहे, मराठ्यांचं राज्य उभं करून खेळता येतं, मला फार आवडतो. पण त्याची एवढी एक्सपान्शन झाली की नवीन माणूस यादी बघूनच पळायला लागला, शेवटी त्यांनी २०२१ मध्ये सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं ठरवलं. अशा गेमला एक महिना भाड्याने घ्यायचा, सगळं चालवून बघायचं, आणि नंतर जे खरंच वापरलं तेवढंच विकत घ्यायचं.

आणि दादा, वाईट वाटू नका, पण पोराने एक्सपान्शन मागितलं म्हणून तुम्ही मला विचारलंत, त्याच्या मोबाइलमध्ये काय जातं ते बघितलंत का? माझ्याकडे येणाऱ्या पोरांचा खरा खर्च एल्डन रिंगवर नाहीच, बीजीएमआयचं यूसी आणि फ्री फायरचे डायमंड, म्हणजे मोबाइल गेममधली विकतची नाणी, पन्नास-शंभर करत करत, बंदुकीचा रंग बदलायला. त्यातही क्रेट उघडायचं, नशिबात असेल तर मिळणार. बेल्जियमने असल्या पैसे देऊन उघडायच्या पेट्या २०१८ मध्ये जुगार ठरवल्या, आपल्याकडे पोरं राजरोस उघडतात आणि घरच्यांना यूपीआयच्या मेसेजमध्ये दिसतं पण कळत नाही. त्याच्यापुढे एक अख्खं एक्सपान्शन मागणारं पोरगं म्हणजे चांगल्या वळणाचं म्हणायचं, त्याला निदान काय मिळणार आहे ते आधी माहितीये.

आता तुमच्या पोराबद्दल. शॅडो ऑफ द अर्डट्री घेतलं म्हणजे लगेच खेळता येतं असं नाही. मूळ गेममधले दोन बॉस, राडान आणि मोह्ग, मारल्याशिवाय त्याचं दारच उघडत नाही. त्यातला मोह्ग वाटेवर नाही, आडबाजूला लपलेलाय, एक्सपान्शन यायच्या वेळी स्टीमवरच्या (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आकड्यांनुसार चाळीस टक्क्यांहून कमी लोकांनी त्याला मारला होता. म्हणजे पहिल्या दिवशी पैसे भरून शेकडो लोक बाहेर उभे. नवीन प्रवास, म्हणजे न्यू गेम प्लस, सुरू केला असेल तर त्यात दोघांना परत मारावं लागतं. त्यामुळे पोराला 'तुला खरंच पाहिजे का' असं विचारू नका, त्याचं उत्तर हो असणारच, त्याला प्लेस्टेशनवरची ट्रॉफींची (गेममध्ये अमुक केलं की मिळणारी बक्षिसं) यादी उघडून दाखवायला सांगा. राडान आणि मोह्ग या दोघांच्या वेगळ्या ट्रॉफी असतात, तारखेसकट. दोन्ही दिसल्या तर पोरगं कामाचं आहे, कष्टाने पोचलंय, बिनधास्त द्या. नसतील तर म्हणावं आधी मार, मग बोलू. बारावीच्या आधी मोह्ग पडला तर पडला.

अजून एक, ते एक्सपान्शन कठीण आहे, नेहमीपेक्षा कठीण. मूळ गेममध्ये कितीही लेव्हल वाढवून आलात तरी आत गेल्यावर मार खाता, कारण तिथली ताकद तिथेच गोळा करायच्या वेगळ्या तुकड्यांवर वाढते. आलं त्या आठवड्यात स्टीमवर रिव्ह्यू 'मिक्स्ड'पर्यंत घसरले होते त्याचं एक कारण हेच. शोधत हिंडायची ज्याला सवय आहे त्याला सोपं जातं, सरळ बॉसकडे धावणारा रडतो. तुमचा कुठल्या जातीचा आहे ते तुम्हाला माहीत.

कधी घ्यायचं, तर घाई अजिबात नाही. जुना माल आहे आता, वर्षातून बरेचदा सूट असते, जूनच्या आसपास आणि डिसेंबरमध्ये तर नक्की बघा. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की तसंही बाहेर जाणं बंद, बागेचं काम संपलेलं, पोरं घरात, तेव्हाच खेळायचं असतं. फक्त डाउनलोड पाऊस जोर धरायच्या आधी उरकून घ्या, एकदा लाइट आणि फायबर दोन्ही गेले की मग चार-चार दिवस पन्नास टक्क्यांवर अडकून बसतं. प्लेस्टेशनवर रिफंडचा नियमही लक्षात ठेवा, चौदा दिवसांत पैसे परत मिळतात पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच, त्यामुळे सेटिंगमध्ये खरेदी झाल्यावर आपोआप डाउनलोड चालू असेल तर आधी बंद करा. पीसीवर स्टीमचं जरा उदार आहे, तिथे डीएलसी घेतल्यापासून गेम दोन तासांपेक्षा कमी चालवला असेल तर चौदा दिवसांत बहुतेक परत करतात.

आणि पैसे भरायच्या आधी ती मस्कतची डिस्क तपासा, हे विसरू नका. प्लेस्टेशनवर डिस्कचा रीजन आणि एक्सपान्शनचा रीजन जुळावा लागतो. भारतातलं अकाउंट युरोपवाल्या गटात मोडतं, आखातातल्या डिस्क बऱ्याचदा त्याच गटातल्या असतात पण काहींचा कोड वेगळा निघतो, आणि तिथे अमेरिकन डिस्कही विकायला असतात, त्या तर इथल्या अकाउंटवरच्या डीएलसीशी जुळतच नाहीत. डिस्कवर आणि कव्हरवर पीपीएसएने सुरू होणारा आकडा छापलेला असतो. तो आकडा आणि कव्हरच्या मागच्या बाजूचा नीट फोटो काढून इथे खाली टाका, अकाउंट कुठल्या देशाचं उघडलंय तेही लिहा, मी सांगतो चालेल की नाही. तोपर्यंत पोराला कार्डचा नंबर देऊ नका.